स्वतःला जिंकणारी संत तेरेझा

नाताळचा सण आला की घराघरांतून गव्हाणी सजू लागते. गवताचा बिछाना, मेंढपाळांच्या मूर्ती, वर लुकलुकणारी चांदणी आणि मधोमध ते दिव्य बालक. या बालकाच्या जन्माबरोबर पृथ्वीवर शांतीची घोषणा झाली, असे शुभवर्तमान सांगते. शांती हा शब्द कानी पडला की आपल्या मनासमोर राष्ट्राराष्ट्रांतील युद्धे आणि मोठमोठ्या परिषदा उभ्या राहतात. परंतु शांतीचा भंग प्रथम होतो तो घराच्या चार भिंतींतच. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी धड बोलत नाहीत. सासूला सुनेचा शब्द झोंबतो, भावाला भावाची चाल खटकते, कचेरीत शेजारच्या मेजावर बसणाऱ्याचे खाकरणेदेखील असह्य होते. अशा वेळी प्रत्येकाच्या ओठी एकच तक्रार असते: समोरच्याने आपला स्वभाव बदलावा, म्हणजे सारे सुरळीत होईल. समोरचाही नेमके हेच म्हणत असतो आणि त्यामुळे दोघेही जेथल्या तेथेच राहतात.

फ्रान्समधील एका मुलीने ही वाट उलट दिशेने चालून पाहिली. समोरच्याने बदलण्याची वाट न पाहता तिने स्वतःच्या मनाला वळण लावले. तिचे आयुष्य अवघे चोवीस वर्षांचे. त्यातील शेवटची साडेनऊ वर्षे तिने एका मठाच्या भिंतीआड काढली. तिने राज्य जिंकले नाही, संस्था काढली नाही, व्याख्यान दिले नाही. तरीही आज जगभर लक्षावधी लोक ‘बाळ येशूची संत तेरेझा’ म्हणून तिला आदराने वंदन करतात. तिच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती नाताळच्याच रात्री. म्हणून आजच्या मंगल दिवशी तिचे चरित्र वाचकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटले.

मातृविहीन बालपण

तेरेझाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों या गावी झाला. तिचे वडील लुई मार्तां हे घड्याळजी होते. आई झेली ही आलाँसोंच्या सुप्रसिद्ध लेसचा व्यवसाय चालवीत असे. या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली आणि पाच मुली राहिल्या: मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेझा. घर धर्मनिष्ठ व सुखवस्तू होते. धाकट्या लेकीवर सर्वांचाच जीव. पोर बुद्धिमान, हसरी, पण विलक्षण हट्टी. एकदा नाही म्हणाली की तिला कोणी हलवू शकत नसे.

हे सुख फार काळ टिकले नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने आईचे निधन झाले. तेरेझा त्या वेळी साडेचार वर्षांची होती. लुई मार्तां पाच मुलींना घेऊन लिझ्यू या गावी मेहुण्याच्या आधाराला येऊन राहिले. आईच्या मृत्यूने तेरेझाचा स्वभाव मुळापासून पालटला. पूर्वीची खेळकर, बिनधास्त मुलगी आता भित्री, अबोल आणि अतिशय हळवी झाली. तिने आपली दुसरी बहीण पोलीन हिला आई मानले. परंतु १८८२ साली पोलीन लिझ्यूच्याच कार्मेल मठात दाखल झाली आणि लहानगी दुसऱ्यांदा पोरकी झाली. त्यानंतर काही महिन्यांनी ती गंभीर आजारी पडली. पुढे १८८६ च्या ऑक्टोबरात थोरली मारीही त्याच मठात गेली.

या काळातील तेरेझा घरच्यांना प्रिय होती, पण तिच्यासोबत राहणे सोपे नव्हते, हे तिने स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. कोणाच्या साध्या बोलण्याने तिच्या डोळ्यांत टचकन पाणी येई. समजूत घातली आणि रडे थांबले, की आपण रडलो याचेच तिला वाईट वाटे आणि ती पुन्हा रडू लागे. घरकाम बहुतेक सेलीन करी. एखादे दिवशी तेरेझा आपणहून अंथरूण आवरी किंवा बागेतल्या कुंड्या आत आणी. मात्र हे काम पाहून सेलीनने आश्चर्य दाखविले नाही, आनंद व्यक्त केला नाही, की तेरेझाचे डोळे लगेच भरून येत.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या घरातील किती रुसवेफुगवे याच जातीचे असतात! केलेल्या कामाची कोणी दखल घेतली नाही, म्हणून आपण दुखावतो. आपण सेवा केली असे आपल्याला वाटते, पण त्या सेवेच्या तळाशी कौतुकाची उधारी लपलेली असते. ती उधारी वसूल झाली नाही की प्रेमाचे रूपांतर रागात होते. बाल तेरेझा वाईट मुलगी नव्हती. परंतु तिचे सारे लक्ष स्वतःभोवतीच घुटमळत होते, आणि आपल्या या दुबळेपणातून बाहेर कसे पडावे हे तिला उमगत नव्हते.

जिन्यावरील क्षण

१८८६ सालची नाताळची रात्र. मार्तां कुटुंब मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी परतले. फ्रान्समध्ये त्या रात्री मुले आपले जोडे शेकोटीपाशी ठेवीत आणि वडीलधारी मंडळी त्यांत खाऊ व भेटवस्तू भरून ठेवीत. तेरेझा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, तरीही धाकटी म्हणून तिच्यासाठी ही रीत अजून चालूच होती. दरवर्षी ती एकेक वस्तू बाहेर काढी, आनंदाने ओरडे आणि तो आनंद पाहून वडील खूश होत.

त्या रात्री मात्र वडील थकलेले होते. जोडे पाहून त्यांना किंचित त्रास झाला आणि हे आता शेवटचेच वर्ष, बरे झाले, अशा अर्थाचे काही शब्द त्यांच्या तोंडून निघून गेले. टोपी ठेवण्यासाठी तेरेझा जिना चढून वर चालली होती. ते शब्द तिच्या काळजात रुतले. सेलीनने तिच्या डोळ्यांतील पाणी पाहिले. आता ही लगेच खाली गेली तर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडणार, हे ओळखून तिने बहिणीला थोडा वेळ वरच थांबण्यास सुचविले.

पण त्या काही क्षणांत काहीतरी घडले. तेरेझाने अश्रू मागे परतविले, उरातली धडधड आवरली आणि ती भराभर जिना उतरून खाली आली. जोडे वडिलांसमोर ठेवून तिने एकेक भेट अशा उल्हासाने बाहेर काढली की वडिलांचा थकवा पळाला आणि ते हसू लागले. सेलीनला तर आपण स्वप्न पाहतो आहोत असेच वाटले. साडेचार वर्षांची असताना हरवलेले मनोबल त्या रात्री आपल्याला परत मिळाले, आणि ते पुन्हा कधी गेले नाही, असे तेरेझा पुढे सांगत असे. अनेक वर्षे धडपडूनही जे साधले नाही, ते गव्हाणीतल्या बालकाने एका क्षणात करून दिले, अशी तिची श्रद्धा होती.

या प्रसंगाचे मर्म आम्हांला असे दिसते. वडिलांचे शब्द बदलले नव्हते. त्यांनी क्षमाही मागितली नाही, कारण मुलीने आपले बोलणे ऐकले हे त्यांना ठाऊकच नव्हते. बदलली ती तेरेझाची दृष्टी. आपल्याला काय लागले, यावरून तिचे लक्ष उठले आणि वडील थकले आहेत, त्यांना आनंद द्यावा, या विचारावर जाऊन स्थिरावले. स्वतःला विसरण्याची गरज त्या रात्री आपल्या अंतःकरणात शिरली आणि तेव्हापासून आपण सुखी झालो, असे तिने नमूद केले आहे.

पुढच्याच वर्षी तिच्या करुणेचा परीघ घराबाहेर विस्तारला. पॅरिसमध्ये तिघांच्या खुनाबद्दल प्रांझिनी नामक इसमाला मृत्युदंड झाला होता. सारा देश त्याचा तिरस्कार करीत असताना ही चौदा वर्षांची मुलगी त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. ३१ ऑगस्ट १८८७ रोजी वधस्तंभाकडे जाताना त्याने शेवटच्या क्षणी क्रूसाचे चुंबन घेतले, हे वृत्तपत्रात वाचून तिला गहिवरून आले. त्याच सुमारास मठात जाण्याचा तिचा निश्चय पक्का झाला. वय लहान म्हणून नकार मिळाला, तेव्हा वडिलांबरोबर रोमला जाऊन २० नोव्हेंबर १८८७ रोजी तिने पोप तेरावे लिओ यांच्यापुढेच आपली विनंती मांडली. अखेरीस परवानगी मिळाली आणि ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली.

मठाच्या भिंतीआड

मठ म्हटला की आपल्याला वाटते, तेथे सारी देवमाणसे, तेथे कसली भांडणे! वस्तुस्थिती निराळी असते. लिझ्यूच्या त्या मठात पंचवीस-सव्वीस धर्मभगिनी होत्या. त्या वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या संस्कारांतून आलेल्या. कोणी वृद्ध, कोणी आजारी, कोणी तापट, कोणी सुस्त. एकदा आत आल्यावर बाहेर जाणे नाही. जेवणास, प्रार्थनेस, कामास त्याच त्या व्यक्ती शेजारी, आणि तेही मरेपर्यंत. हिवाळ्यात साऱ्या मठात एकाच खोलीत शेगडी असे. चाळीत बिऱ्हाड केलेल्यांना आणि एकत्र कुटुंबात नांदलेल्यांना या जीवनाची कल्पना सहज येईल. न पटणाऱ्या माणसापासून दूर जाण्याची सोयच तेथे नव्हती. अशा ठिकाणी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर स्वतःवर काम करू लागतो. तेरेझाने दुसरा मार्ग पत्करला.

तिच्यावर दुःखेही लहान कोसळली नाहीत. १८८९ च्या फेब्रुवारीत तिच्या लाडक्या पित्याच्या मनावर आजाराने घाला घातला आणि त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षे होते. १८९४ साली ते निवर्तले. परंतु या मोठ्या दुःखांपेक्षा रोजच्या बारीकसारीक टोचण्यांना तिने ज्या रीतीने तोंड दिले, त्यातच तिचे खरे मोठेपण आहे, असे आम्ही मानतो.

मठात एक वृद्ध, अपंग भगिनी होती. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीच उठून तिला भोजनगृहात नेऊन बसवावे लागे. तिला खूश करणे फार कठीण. जरा वेगाने चालले तर ती म्हणे, मला पाडणार. सावकाश चालले तर म्हणे, हात सुटला, आधार नाही. नवखी तेरेझा आपण होऊन या कामास पुढे झाली. तेव्हा इतक्या कोवळ्या पोरीला हे काय जमणार, अशी शंका म्हातारीने प्रथमच बोलून दाखविली. रोज सहा वाजायच्या सुमारास म्हातारीने खूण केली की तेरेझा उठे, तिचे आसन ठराविक पद्धतीने उचली, तिच्या कमरपट्ट्याला धरून मागून आधार देत तिला हळूहळू चालवी, जाग्यावर बसवी आणि तिच्या झग्याच्या बाह्या तिला हव्या तशाच दुमडून देई. त्यानंतर तिला जाण्याची मोकळीक असे. एके दिवशी तिच्या लक्षात आले की अधू हातांनी म्हातारीला पाव कापणे जड जाते. तेव्हापासून पाव कापून दिल्याशिवाय ती हलेना. हे काम कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने म्हातारीचे मन जिंकले. पण त्याहूनही अधिक ते जिंकले जाताना दिलेल्या एका प्रसन्न हास्याने. हे तेरेझाला फार उशिरा कळले.

दुसरी एक भगिनी अशी होती की तिचे बोलणे, चालणे, वागणे, सारेच तेरेझाला नकोसे वाटे. तिने आपल्या आत्मकथनात त्या भगिनीचे नाव दिलेले नाही, म्हणून आम्हीही ते येथे देत नाही. अपराध म्हणावा असा त्या भगिनीने काही केला नव्हता. केवळ स्वभावाची सूत जुळत नव्हती. ही नावड हे पाप नव्हे, पण तिच्या आहारी जाणे मात्र आपल्याला शोभणार नाही, असे तेरेझाने ठरविले. प्रेम भावनेत नव्हे, कृतीत असले पाहिजे, असा विचार करून तिने आपल्या परम प्रिय व्यक्तीशी जसे वागले असते, तसेच त्या भगिनीशी वागण्यास आरंभ केला. ती समोर दिसली की तेरेझा मनातल्या मनात तिच्यासाठी प्रार्थना करी आणि तिच्या अंगचे गुण देवापुढे मांडी. कलावंताला आपल्या कृतीचे कौतुक आवडते, तसे या आत्म्याच्या निर्मात्यालाही आवडेल, अशी तिची समजूत होती. होईल तेवढी कामे ती तिला करून देई. तिखट उत्तर ओठांवर आले तर हसून विषय बदली. आणि हसणेही अशक्य झाले, तर सरळ तेथून निघून जाई. एके दिवशी त्या भगिनीने मोठ्या आनंदाने तिला विचारले की, आपल्यात असे काय आहे ज्यामुळे तेरेझा आपल्याकडे पाहून प्रत्येक वेळी हसते? आपण त्यांच्या विशेष प्रीतीतील आहोत, असेच ती समजत होती.

हे ढोंग नव्हे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. आम्हांलाही तो पडला होता. परंतु ढोंगी माणूस आपले खोटे रूप समोरच्याला फसविण्यासाठी आणि आपला लाभ साधण्यासाठी धारण करतो. तेरेझाला येथे कोणता लाभ होता? तिने भावना लपविली हे खरे, पण त्या भावनेच्या जागी काय असावे हे तिने आधी ठरविले आणि मग कृतीच्या हाताला धरून मनाला तेथपर्यंत नेले. आई रात्री चारदा उठून रडत्या मुलाला थोपटते, तेव्हा प्रत्येक खेपेला तिच्या मनात वात्सल्याचा पूर आलेला असतो असे नाही. तरी तिच्या त्या थोपटण्याला आपण ढोंग म्हणत नाही.

बारीक आवाज आणि गढूळ पाणी

सायंकाळच्या ध्यानाच्या वेळी तेरेझाच्या जवळ एक भगिनी बसत असे. दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा एक चमत्कारिक आवाज ती सतत करी. तेरेझाचे कान तीक्ष्ण. तिला तो आवाज इतका छळी की तिला घाम फुटे. मान वळवून एकदा रोखून पाहावे, म्हणजे हिला कळेल, असे फार वाटे. पण तसे केल्याने ती बिचारी लाजेल, दुखावेल, म्हणून तिने तो मोह आवरला. आवाज ऐकू येऊ नये म्हणून प्रयत्न केला, तोही फसला. अखेर तिने युद्धाची दिशाच बदलली. न ऐकण्याऐवजी तो आवाज नीट कान देऊन ऐकायचा, जणू ते एखादे सुरेल संगीतच आहे, आणि तेच संगीत येशूला अर्पण करायचे, असे तिने ठरविले. आवाज थांबला नाही. त्या भगिनीला आपल्या सवयीचा कधी पत्ताही लागला नाही. तेरेझाचा त्रागा मात्र शमला.

असाच प्रसंग धुण्याच्या ठिकाणचा. समोर बसून हातरुमाल धुणारी भगिनी दर आपटीबरोबर गढूळ पाण्याचे शिंतोडे तेरेझाच्या तोंडावर उडवी. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला समजेल, ही पहिली ऊर्मी. पण तेरेझा हलली नाही. हे पाणी कोणी मुद्दाम उडवीत नाही, हे तिने मनाला समजाविले आणि या नव्या प्रकारच्या तीर्थाची आवड लावून घेण्याचा प्रयत्न केला. पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोदावरीचे स्नान करून परतताना अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसामुळे आपल्याला गंगास्नानाचे पुण्य अधिक वेळा घडले, असे मानणारे नाथ आणि नॉर्मंडीतील ही तरुण जोगीण यांची ओळख असण्याचे कारण नव्हते. पण दोघांची जात एकच होती, असे म्हणावेसे वाटते.

प्रत्येक वेळी तिला असा विजय मिळे असे मात्र कोणी समजू नये. मठाध्यक्षा खोकल्याने आजारी असता तेरेझा त्यांच्या खोलीत किल्ल्या परत ठेवण्यास गेली. अध्यक्षांची झोपमोड होईल या भीतीने दुसरी एक भगिनी त्या किल्ल्या आपल्या हाती घेऊ पाहत होती. दोघींच्या ओढाताणीत दार वाजले आणि अध्यक्षा जाग्या झाल्या. त्या भगिनीने सारा दोष तेरेझावर टाकून लांबलचक तक्रार सुरू केली. स्वतःची बाजू मांडण्यासाठी तेरेझाचे रक्त उसळले. पण बोलायला लागलो तर मनाची शांती गमावून बसू, हे तिने ओळखले आणि चक्क पळ काढला. बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली, कारण छातीतील धडधडीने तिला पुढे चालवेना. आपल्यात तेवढे शौर्य नव्हते, म्हणून आपण माघार घेतली, असे तिने निःसंकोचपणे कबूल केले आहे. ही पायरीवर धापा टाकीत बसलेली तेरेझा आम्हांला फार जवळची वाटते. संतांनाही राग येतो. तो आल्यावर काय करायचे, हे त्यांनी आधीच ठरविलेले असते, एवढाच फरक.

झाडाच्या फांद्या

नाताळच्या गव्हाणीशी निगडित असा आणखी एक लहानसा प्रसंग सांगण्याजोगा आहे. एकदा सर्व भगिनी एकत्र बसल्या असताना, गव्हाणीसाठी आलेली झाडे आत आणण्यास कोणीतरी यावे, असा निरोप आला. तेरेझाला जाण्याची फार हौस होती. पण शेजारच्या भगिनीलाही ती असावी असे वाटून, तिला आधी उठता यावे म्हणून तेरेझाने मुद्दामच आपला कामाचा पदर सावकाश सोडायला घेतला. ते पाहून तेथल्या एकीने हसत शेरा मारला की, हिची चाल मंद, म्हणून आजचे पुण्य हिच्या हातून निसटले. सगळ्यांनाही तसेच वाटले.

तेरेझाला या गोष्टीचा राग आला नाही. उलट त्यातून तिला एक धडा मिळाला. आपण सद्भावाने केलेली कृती लोकांना आळस वाटली. मग दुसऱ्याच्या ज्या कृती आपल्याला दोष वाटतात, त्यांच्या मागेही असाच सद्भाव नसेल कशावरून? एखादीच्या हातून एकदा चूक झालेली आपण पाहतो. पण तीच चूक टाळण्यासाठी तिने मनाशी किती वेळा झुंज दिली असेल, हे आपल्याला कोठे दिसते? तेव्हापासून कोणाचा दोष नजरेस पडला की त्याचे बरे कारण शोधण्याची सवय तिने स्वतःला लावून घेतली. नाते सुधारण्याचा याहून सोपा आणि याहून कठीण उपाय आम्हांला माहीत नाही.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. तेरेझाने सोसले ते स्वभावांचे घर्षण होते, अत्याचार नव्हे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला किंवा धन्याकडून नाडल्या जाणाऱ्या मजुराला तिचे उदाहरण दाखवून गप्प बसविणे हा तिच्यावरच अन्याय होईल. ती लाचार नव्हती. नवदीक्षित भगिनींना वळण लावण्याचे काम तिच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या चुका त्यांना स्पष्टपणे दाखविण्यात तिने कसूर केली नाही, मग त्यांची मर्जी राहो वा जावो. जेथे दुसऱ्याच्या हितासाठी बोलणे आवश्यक, तेथे ती बोलली. जेथे केवळ स्वतःचा अहंकार दुखावला होता, तेथे ती गप्प राहिली. हा विवेक साधला तर आपल्या घरांतील निम्मी भांडणे आपोआप मिटतील.

अखेरचे पर्व

मठाध्यक्षा मारी द गोंझाग यांचा स्वभाव कर्तबगार पण लहरी होता. १८९६ च्या मार्चमध्ये त्यांची फेरनिवड झाली, तीही सात वेळा मतदान झाल्यानंतर. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. वास्तविक त्यांनीच तेरेझाला अनेकदा कठोरपणे वागविले होते. तरी त्यांची व्यथा ओळखून तेरेझाने त्यांना एका रूपककथेच्या रूपाने सांत्वनाचे पत्र लिहिले. दुखावणाराही कोठेतरी दुखावलेला असतो, हे ध्यानी येण्यास केवढे मोठे मन लागते!

त्याच वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिच्या तोंडून रक्त पडले. क्षयाने तिला ग्रासले होते. त्याबरोबरच तिच्या श्रद्धेवरही काळोख दाटला. स्वर्ग आहे की नाही, अशा शंकांनी तिला अखेरपर्यंत छळले. तरीही तिच्या मुखावरचे हास्य मावळले नाही आणि आतली ही रात्र बहुतेक भगिनींना कळलीही नाही. बहीण पोलीन मठाध्यक्षा असताना तिच्या आज्ञेवरून तेरेझाने बालपणीच्या आठवणी लिहिल्या होत्या. १८९७ च्या उन्हाळ्यात, हातात लेखणी धरवेनाशी होईपर्यंत, तिने पुढील भाग लिहिला. वर सांगितलेले मठातील बहुतेक प्रसंग त्याच भागात आहेत, आणि तो तिने लिहिला तो मारी द गोंझाग यांनाच उद्देशून. ३० सप्टेंबर १८९७ रोजी सायंकाळी तिने देह ठेवला.

बरोबर एका वर्षाने तिचे आत्मकथन दोन हजार प्रतींत प्रसिद्ध झाले. मठाच्या भिंतीबाहेर कोणास ठाऊक नसलेली ही भगिनी पाहता पाहता जगाची झाली. १७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद बहाल केले. १९२७ साली तिला गोव्याच्या भूमीत चिरविश्रांती घेत असलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित करण्यात आले. एकाने समुद्र ओलांडून अर्धे जग पालथे घातले, दुसरीने मठाचा उंबरठाही ओलांडला नाही. दोघांचा मान सारखाच! कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी व्रत घेताना नाव धारण केले, ते या लिझ्यूच्या तेरेझाचेच. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला धर्मसभेची आचार्या ही पदवी दिली, आणि २०१५ साली तिचे मातापिताही संतपदी विराजमान झाले.

आज नाताळ. आज घरोघरी फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील, नातलग भेटतील, शुभेच्छा दिल्या-घेतल्या जातील. पण प्रत्येकाच्या ओळखीत एखादे घर असे असते की तेथे ताट पाठविताना हात अडखळतो. एखादे माणूस असे असते की त्याचे नाव निघताच कपाळावर आठी उमटते. त्याने आपल्याशी कसे वागायला हवे होते, याचा हिशेब आपण वर्षभर केला आहे. आजचा एक दिवस तो हिशेब बाजूला ठेवावा आणि त्याच्या अंगचा एखादा तरी गुण आठवून पाहावा. मग जमले तर त्याच्या दारी जावे. जमले नाही, तर तेरेझासारखे जिन्याच्या पायरीवर थोडे थांबावे, अश्रू पुसावेत, श्वास आवरावा आणि मग खाली उतरावे. खाली कोणीतरी थकलेले माणूस आपली वाट पाहत बसलेले असते.

गव्हाणीतील बालक आमच्या सर्व वाचकांना तेवढे बळ देवो, ही प्रार्थना.